शंभर पाण्यांचं तूप

मोजणी खात्यात सावली मंजूर नाही, हे अभिमन पाटलांना नोकरीच्या सोळाव्या वर्षी लेखी कळलं. त्यांनी छत्रीसाठी रीतसर अर्ज केला होता. धुळ्याच्या कचेरीतली सात टेबलं फिरून तो परत आला, तेव्हा समासात लाल शाईचा शेरा होता : ‘मोजणीदाराचा एक हात साखळीवर व दुसरा सुयांवर असणे आवश्यक आहे. छत्री धरण्यासाठी तिसरा हात कोठून आणणार, याचा खुलासा करावा.’ अभिमनरावांनी खुलासा केला नाही. त्यांनी कागदाची घडी करून खिशात ठेवली.

ज्यांनी मे महिन्यातलं धुळं पाहिलेलं नाही, त्यांना यातलं दुःख कळायचं नाही. शेतं मोजायची ती पिकं निघाल्यावर, म्हणजे ऐन उन्हाळ्यातच. त्या दिवसांत इकडे अकराच्या पुढे रस्ते ओस पडतात, कुत्री गटारात जाऊन झोपतात, कावळासुद्धा ओरडत नाही. आणि त्या शांततेत काळ्या, भेगाळलेल्या रानात दोन माणसं साखळी ओढत चाललेली असतात. त्यांतले एक अभिमनराव. त्यांच्या नाकाची साल दर उन्हाळ्यात तीनदा निघे. गेल्या साली तर ते शिंदखेड्याकडे एका बांधावर चक्कर येऊन पडले आणि बैलगाडीत कांद्याच्या गोण्यांवर आडवे होऊन परत आले. गाडी गल्ली नंबर चारमध्ये शिरली तेव्हा बायका बाहेर आल्या आणि कांद्याचा भाव विचारू लागल्या. हा अपमान त्यांना उन्हापेक्षा जास्त लागला.

त्यात यंदा, एकोणीसशे एकोणसत्तरच्या मे महिन्यात, साहेबांनी त्यांना बोलावून एक फाईल पुढे सरकवली. दोंडाईच्याजवळच्या एका गावची मोजणी होती. गावाचं नाव सांगत नाही, तिथली माणसं अजून आहेत. मंजुळाबाई नावाची विधवा आणि तिचा दीर लोटन यांचा हद्दीचा तंटा. जुन्या नकाशाप्रमाणे पूर्वेच्या दगडापासून बावीस साखळ्या सहा आण्यांवर बाईचं रान संपायला हवं. लोटनचं म्हणणं, ते त्याच्या बरंच अलीकडे संपतं. तिथला हद्दीचा दगड नाहीसा झालेला. आणि या दोघांच्या म्हणण्यातल्या जागेत नेमकी विहीर. ती गेली तर मंजुळाबाईच्या रानात कुसळं तेवढी उरणार होती. तीन मोजणीदार जाऊन मोजणी अर्धवट टाकून परत आले होते.

“पाटील, ही पुरी करून आलात तर ठीक,” साहेब म्हणाले. “नाहीतर एक जूनपासून तुम्ही आवक-जावकला.”

आवक-जावकचं टेबल जिन्याखाली होतं. तिथे बसलेला माणूस दिवसभर लिफाफ्यांवर शिक्के मारी आणि संध्याकाळी स्वतःचं नाव विचारलं तरी आधी तारीख सांगे. अभिमनरावांची सारी अब्रू त्यांच्या साखळीत होती. त्यांनी मोजलेली हद्द आण्याला आणा जुळे. तेवढंच त्यांच्यापाशी होतं, आणि ते जिन्याखाली जाणार होतं.

साखळीचं काम तसं सोपं असतं. तेहेतीस फुटांची साखळी, तिचे सोळा आणे. पुढचा माणूस ती ताणून टोकाशी वीतभर लांबीची एक लोखंडी सुई रोवतो, मागचा ती उपटत येतो. मागच्याच्या हातात दहा सुया जमल्या की दहा साखळ्या झाल्या. मग सगळ्या सुया पुढच्याच्या हवाली, की पुन्हा सुरू. पुढचा माणूस म्हणजे उखर्डू. तो मोजत वगैरे नसे. हात रिकामा झाला की “दहा!” म्हणून ओरडे. कचेरीने त्याच्या हातात दहाच सुया दिलेल्या असल्यामुळे यात आजवर कधी चूक झाली नव्हती.

सुया देण्याचं काम भांडारातल्या रतिलालकडे. त्याने शनिवारी त्या दोनदा मोजल्या, सही घेतली, आणि रजिस्टरातून मान वर न करता म्हणाला, “आजवर या कचेरीची एकच सुई गेलीय. सन एकोणीसशे तीस. मगनराव मोजणीदार. दहा नेल्या, नऊ आल्या. एकोणचाळीस वर्षं ती येणे आहे.”

“आणि मगनराव?”

“ते पण आले नाहीत. पण त्यांची नोंद माझ्याकडे नसते.”

अभिमनराव घरी आले ते उन्हाचा बंदोबस्त करायचा निश्चय करूनच. गेल्या वर्षी दवाखान्यातल्या कंपाउंडरने त्यांना नाकाला जस्ताचं मलम लावायला सांगितलं होतं. ती बोटाएवढी नळी दोन दिवसांत संपली होती. आता त्यांनी ठरवलं, मलम घरीच करायचं, बरणीभर करायचं, आणि नाकालाच नव्हे, उघड्या अंगाला सगळीकडे लावायचं. हा विचार त्यांनी प्रमिलाबाईंना हळू आवाजात सांगितला. पण गल्ली नंबर चारमध्ये हळू आवाज सर्वांना आधी ऐकू येतो. अर्ध्या तासात ओट्यावर सल्लागार जमले. कोणी म्हणालं, खिशात कांदा ठेवा. कोणी म्हणालं, कांदा खिशात नको, टोपीत ठेवा. एका निवृत्त मास्तरांनी विचारलं की मुळात मोजणी पहाटेच का करत नाही? सकाळचा वेळ गावकऱ्यांच्या भांडणात जातो आणि साखळी हातात घ्यायला अकरा वाजतात, हे त्यांना समजावण्यात आणखी अर्धा तास गेला.

शेवटी तोडगा काढला तो शेजारच्या भंवरीबाईंनी. त्यांचे यजमान हीरालाल यांचं रंगाचं दुकान होतं. भंवरीबाई म्हणाल्या, “आमच्या पीहरला, माहेराला, ऊन इथल्यापेक्षा दुप्पट, भाईसाब. तिथे शंभर पानी तूप लावतात. तांब्याच्या परातीत गाईचं तूप घ्यायचं, पानी घालून घोटायचं, पानी ओतून द्यायचं. असं शंभर वेळा. लोण्यासारखं पांढरं होतं. पण शंभर म्हणजे शंभर हं. नव्व्याण्णव झालं तर ते नुसतं तूप.”

जस्ताचा सफेदा हीरालालच्या दुकानातून आला. शिशाचा नाही ना, हे अभिमनरावांनी चारदा विचारलं. हीरालालनी पोत्यावरचा छाप दाखवला, गळ्याची शपथ घेतली. “एकदा लाकडाला लावा, पाच वर्षं ऊन बाधत नाही,” ते म्हणाले.

“आणि माणसाला?”

“माणूस कुठे पाच वर्षं उन्हात उभा राहतो?” हीरालाल हसले.

रविवारी सकाळी परात मांडली. प्रमिलाबाई आणि भंवरीबाई आळीपाळीने घोटायला, अभिमनराव मोजायला. मोजणं ही त्यांच्या दृष्टीने पोरखेळाची गोष्ट नव्हती. त्यांनी कचेरीच्या सुया काढल्या आणि दर दहा पाण्यांना एक सुई तुळशीच्या कुंडीत रोवायला सुरुवात केली. सरकारी सामानाचा असा उपयोग नियमात बसतो का, हा प्रश्न प्रमिलाबाईंनी विचारला. नियमात बसत नाही असं कुठे लिहिलेलं नाही, असं उत्तर मिळालं.

नऊ सुया रोवून झाल्या, दहावी हातात होती, आणि तिथेच भांडण लागलं. अभिमनराव म्हणाले शंभर झाले. प्रमिलाबाई म्हणाल्या नव्वदच झाले, मधली एक सुई तुम्ही भंवरीबाईंच्या भावाच्या लग्नाची गोष्ट ऐकताना उगाच रोवलीत. सोळा वर्षं आण्याला आणा जुळवणाऱ्या माणसाला त्याच्याच ओसरीत हे ऐकावं लागलं. ते उठून आत गेले. त्यांच्या हातातली दहावी सुई प्रमिलाबाईंनी काढून घेतली, आणखी दहा पाणी केलं, वर सफेदा, कापूर आणि वाळ्याचं अत्तर घातलं, आणि ढवळायला दुसरं काही हाताशी नव्हतं म्हणून त्या सुईनेच ढवळून सगळं बरणीत भरलं. सुई बरणीतच राहिली. ती लक्षात ठेवा. अभिमनरावांनी ठेवली नाही. संध्याकाळी त्यांनी कुंडीतल्या सुया उपटल्या, जुडगा बांधला आणि रागात असल्यामुळे मोजला नाही.

मलमाची परीक्षा त्याआधीच, रविवारी दुपारी बाराला झाली. अभिमनराव तोंडाला, मानेला, हातांना मलम फासून ओट्याखाली उन्हात उभे राहिले. मलम अंगात जिरत नव्हतं. चेहरा खडूसारखा पांढराफेक दिसत होता, त्यात दोन डोळे आणि मिशा. गल्लीत चिटपाखरू नव्हतं. समोरच्या खिडकीत भंवरीबाईंच्या सासू धापूबाई बसल्या होत्या. ऐंशीच्या पुढचं वय, नजर अधू, आणि गेलं वर्षभर त्या कोणाशी बोलल्या नव्हत्या. त्यांनी मान उचलली आणि स्पष्ट आवाजात म्हटलं, “इणने छायां में बिठाओ. कद रो ऊभो है.”

भंवरीबाई धावत बाहेर आल्या. सासूबाई बोलल्या याचा आनंद करावा की काय करावं, त्यांना समजेना. “म्हणतात, यांना सावलीत बसवा. केव्हाचे उभे आहेत.”

“मी आत्ताच आलो,” अभिमनराव म्हणाले.

“तुम्हाला नाही म्हणत त्या,” भंवरीबाई हळूच म्हणाल्या. धापूबाईंचं बोट अभिमनरावांच्या डावीकडे, दोन हातांवर रोखलेलं होतं. तिथे ऊन होतं. दुसरं काही नव्हतं. अभिमनराव घरात आले आणि त्यांनी उगाच दार लावून घेतलं. म्हाताऱ्या माणसांच्या बोलण्याचा फार अर्थ काढू नये, असं ते प्रमिलाबाईंना तीनदा म्हणाले.

सोमवारी पहिल्या गाडीने ते आणि उखर्डू दोंडाईच्याला आणि तिथून बैलगाडीने गावात पोचले. सकाळ ठरल्याप्रमाणे भांडणात गेली. लोटन धिप्पाड गडी होता, बोलायला मात्र गोड. “मोजा ना, भाऊसाहेब,” तो म्हणाला, “पन बारा वाजाना आत आवरा. ते वावर चांगलं नही शे.” एवढं बोलून तो आणि त्याची माणसं लांबच्या कडुलिंबाखाली जाऊन बसली. आधीच्या तिघांना त्याने असंच घाबरवून लावलं असणार, हे अभिमनरावांनी ओळखलं आणि मनात त्याला एक शिवी दिली.

मंजुळाबाईचं खोपट रानातच होतं. तिने गुळाचा चहा केला. पन्नाशी उलटलेली, उन्हाने काळवंडलेली, कमी बोलणारी बाई. अभिमनरावांनी चहा पिऊन बरणीतून भरून आणलेली मलमाची डबी काढली आणि तोंडाला मलम लावायला सुरुवात केली. ते पाहून ती हातातल्या कपबशीसकट दारापर्यंत मागे सरकली.

“अक्का, काय झालं?”

“तो बी असंच लायेल व्हता,” ती म्हणाली. “पांढरी माती. ऊन लागाले नको म्हनीसन.”

“कोण तो?”

“मगनराव मोजनीदार. मी तवय नवी नवरी व्हतू. त्याना साखळीवाला पानी प्याले गया, तो गयाच. हाऊ एकलाच साखळीनं टोक धरीसन उभा राहिना. दुपारभर. मी ह्या दारमाईन देखत व्हतू. माले वाटे, सांगो, सावलीमा बसा. पन नवी नवरी, परका मानूससंगे कशी बोलू? सासरा बसेल व्हता. मंग तो पडना. आते बठ्ठा लोक म्हनतस, भरदुपारे तो साखळीनं दुसरं टोक धरनारा मानूस धुंडस.”

अभिमनरावांच्या मानेवर मलमाखाली काटा आला. रतिलालच्या रजिस्टरातली सुई कुठे गेली, हे त्यांना आता कळलं होतं. पण पुढे आवक-जावकचं टेबल होतं, समोर ही बाई होती, आणि बाहेर तिची विहीर होती. त्यांनी डबी उखर्डूपुढे धरली. “लाव तूही.”

“माले नको, भाऊसाहेब. मी काळा शे तेच बरं शे.”

“लाव म्हणतो ना. चामडी सोलून निघेल.” त्यांनी डबी, सुयांचा जुडगा आणि झेंडा त्याच्या हातात कोंबला. उखर्डू त्या पांढऱ्या तोंडाकडे बघत मागे सरकत होता. “मी पूर्वेना दगडजोडे जास, झेंडा लाई ठेवस,” असं म्हणून तो खोपटाबाहेर पडला.

अभिमनराव साखळी घेऊन पाच मिनिटांनी पूर्वेच्या दगडाशी पोचले. बारा वाजून गेले होते. पायाखाली सावली नव्हती. रानात पऱ्हाटीच्या, कपाशीच्या वाळक्या काड्या होत्या, भेगा होत्या, आणि सगळीकडे ऊन पाण्यासारखं हलत होतं. दूर एक वावटळ उभी राहिली आणि जागच्या जागी फिरत राहिली. उखर्डूने झेंडा लावलेला होता, जुडगा दगडावर ठेवलेला होता, पण तो स्वतः दिसेना. “उखर्डू!” त्यांनी हाक मारली. उत्तर आलं नाही.

आणि इथे मलमाने आपला गुण दाखवला. हे तूप होतं, आणि तूप सव्वीस अंशांवर घट्ट राहतं, शेहेचाळीस अंशांवर नाही, ही साधी गोष्ट घोटताना कोणाच्या डोक्यात आली नव्हती. कपाळावरचं मलम पाघळलं आणि सफेदा, कापूर, अत्तर सगळं मिळून डोळ्यांत उतरलं. अभिमनरावांनी किंकाळी मारली. कापराने डोळे असे जळत होते की उघडावे तर अंधार, मिटावे तरी अंधार. त्यांनी धोतराच्या सोग्याने पुसलं, ते आणखी पसरलं. अश्रू गाळत, नाक ओढत, स्वतःला आणि भंवरीबाईंच्या माहेराला नावं ठेवत ते उभे होते, तेवढ्यात हातातली साखळी सरकली. पुढे कोणीतरी टोक उचललं होतं.

“आलास का शेवटी?” अभिमनराव ओरडले. पापण्यांच्या फटीतून त्यांना एक अंधूक आकृती दिसली. तोंड पांढरं होतं. म्हणजे गाढवाने मलम लावलं तर! एवढ्या त्रासातही त्यांना जरा बरं वाटलं. “सुया घे दगडावरच्या. आणि सरळ चाल. ताण!”

साखळी ताणली गेली. अशी सरळ, अशी घट्ट, की अभिमनरावांना सोळा वर्षांत तसा ताण हाताला लागला नव्हता. उखर्डूला नेहमी तीनदा सांगावं लागे, साखळीचा झोळ काढ म्हणून. आज एकदाही नाही. ते चाचपडत पुढे जात, सुई हाताला लागे, ती उपटत. उन्हाने सुया इतक्या तापल्या होत्या की बोटांना चटका बसे. “ताण!” ते म्हणत. साखळी ताणे. पुढून पावलांचा आवाज येत नव्हता. पऱ्हाटीच्या काड्या अभिमनरावांच्या पायांखाली तेवढ्या मोडत होत्या.

नववी सुई उपटली. पुढची हाताला लागली ती थंडगार होती. रांजणाखालच्या वाळूत ठेवलेली असावी तशी थंड, आणि बाकीच्यांपेक्षा जाड.

“दहा,” पुढून आवाज आला. कोरडा, खोल गेलेला आवाज.

“घसा बसला वाटतं तुझा. पाणी प्यायला नको म्हणून कोणी सांगितलं?” अभिमनरावांनी बोटांनी सुया चाचपल्या. दहा होत्या. त्यांनी जुडगा पुढे केला. तो घेताना क्षणभर दुसऱ्या हाताची बोटं लागली. भर मेच्या दुपारी त्यांच्या अंगावर शहारा आला, आणि ताप भरतोय की काय, असं त्यांना वाटलं. गेल्या वर्षीही पडण्याआधी असंच थंड वाटलं होतं. इथे पडायचं नाही, असं त्यांनी दात आवळून ठरवलं. आज कांद्याच्या गोण्यांवरून परत जायचं नाही.

“चल पुढे, उखर्ड्या. बावळटासारखा उभा राहू नकोस.”

दुसऱ्यांदा “दहा” झालं. मग आणखी दोन साखळ्या. मग सहा आणे, बोटांनी कड्या मोजून. डाव्या हाताला विहीर मागे पडली होती, ओलसर वास येऊन गेला होता. “इथे,” अभिमनराव म्हणाले आणि पायाने खूण केली. साखळी अजून ताणलेलीच होती. पुढचा माणूस सोडत नव्हता.

“पुरी?” त्याने विचारलं.

त्या एका शब्दात असं काही होतं की अभिमनरावांचा राग एकदम उतरला. दमलेल्या माणसाने फार वेळ वाट पाहून विचारावं तसा तो आवाज होता. त्यांना वाटलं, आपण याला फार बोललो. याला काय, आपल्याला काय, ऊन सारखंच.

“पुरी झाली रे,” ते म्हणाले. “सोड आता. जा, सावलीत बस.”

साखळीचं टोक खळ्ळकन जमिनीवर पडलं.

अभिमनराव खाली बसले आणि किती वेळ बसून राहिले ते त्यांनाच ठाऊक नाही. कोणीतरी तोंडावर पाणी ओतलं तेव्हा डोळे उघडले. मंजुळाबाई घागर घेऊन उभी होती. रानात दुसरं कोणी नव्हतं.

“उखर्डू कुठाय?”

“तुम्हना तो मानूस तं झेंडा लाईसन पळी गया. बारा वाजाना पहिलेच. गाडीवर बसना नि दोंडाईचाले गया.”

“मग साखळी कोणी धरली, अक्का?”

तिने विहिरीकडे बघितलं. विहिरीच्या कडेला एक जुनं बाभळीचं झाड होतं, त्याखाली टीचभर सावली पडली होती, आणि त्या सावलीत पऱ्हाटीच्या काड्या दबलेल्या होत्या, कोणी बसून उठल्यासारख्या. “मी दारमाईन देखं,” ती म्हणाली. “दोन जन व्हतात. दोन्ही धवळा.” मग तिने विचारलं, “शेवटले तुम्ही त्याले काय सांगं?”

“सावलीत बस म्हटलं.”

मंजुळाबाई तिथेच भेगाळलेल्या जमिनीवर बसली आणि पदर तोंडाला लावून रडायला लागली. “शेवटले कोनी तरी त्याले सांगं,” एवढंच ती म्हणत होती. अभिमनरावांना बायका रडल्या की काय करावं ते कळत नसे. ते तिच्या शेजारी बसून राहिले आणि त्यांच्याही डोळ्यांतून पाणी येत होतं. कापूर होताच. पण सगळा दोष कापराचा नव्हता.

लिंबाखाली कोणी उरलं नव्हतं. तिथे लोटनचा एक जोडा पडला होता, एकाच पायाचा. चार वाजता तो स्वतः आला. डोक्यावर एक चौकोनी दगड होता, साबणाने पांढरा झालेला. “माले माफ करा, भाऊसाहेब,” तो म्हणाला. “हद्दना दगड मीच उपटेल शे. घर धुनं धुवाले ठेयेल व्हता. त्याले सांगा, मना मांगे येवाले नको.” अभिमनरावांनी पायाने खूण केली होती तिथे खणलं. जुन्या काळी हद्दीच्या दगडाखाली कोळसा पुरत. हातभर खाली कोळशाची ओंजळ निघाली, अगदी खुणेच्या खाली. दगड पुन्हा बसवला. विहीर दगडाच्या बरीच आत, मंजुळाबाईच्या रानात होती. लोटनने पंचनाम्यावर न वाचता अंगठा दिला.

मंगळवारी अभिमनराव घरी आले तेव्हा प्रमिलाबाई दारातच उभ्या होत्या. हातात बरणीतली सुई होती, तुपाने माखलेली. “अहो, ही इथेच राहिली. तुम्ही नऊच घेऊन गेलात. मोजणीत घोटाळा तर नाही ना झाला?”

अभिमनरावांनी पिशवीतला जुडगा काढून ओट्यावर मोजला. दहा. त्यांनी पुन्हा मोजला. दहा. त्यांतली एक जाड होती, गंजाने काळी पडलेली, आणि तिच्या कडीवर ‘प. खा.’ अशी अक्षरं ठोकलेली होती. पश्चिम खानदेश. तो जिल्हा त्या नावाने आता उरलाही नव्हता. नऊ सुयांनी ती मोजणी झाली असती तर उखर्डू नवव्याला “दहा” ओरडला असता, वीस साखळ्या अठरावरच भरल्या असत्या, आणि विहीर आण्याला आणा जुळवणाऱ्या अभिमन पाटलांच्याच हाताने लोटनला गेली असती. हे लक्षात आल्यावर त्यांनी ती जाड सुई धोतराच्या सोग्याने पुसली. समोरच्या खिडकीत धापूबाई होत्या. त्यांनी अभिमनरावांकडे, मग त्यांच्या डावीकडे पाहिलं, समाधानाने मान हलवली आणि त्या पुन्हा गप्प झाल्या.

बुधवारी कचेरीत रतिलालने सुया मोजल्या. दहाच्या पुढे गेल्यावर त्याचा चेहरा बदलला. “अकरा? पाटील, कमी भरल्या तर भरपाई घेता येते. जास्त भरल्या तर काय करायचं, याला नियम नाही.”

अभिमनरावांनी जाड सुई वेगळी काढली. रतिलालने कडीवरची अक्षरं वाचली, उठला, कपाटाच्या तळातून वाळवी लागलेलं जुनं रजिस्टर काढलं आणि ती ओळ शोधली. ‘मगनराव, मोजणीदार. सुई एक, येणे.’ मग नवा रकाना पुढे केला. “कोणाकडून मिळाली ते लिहा.”

अभिमनरावांनी टाक बुडवला आणि सुवाच्य अक्षरात लिहिलं : ‘संबंधित कर्मचाऱ्याने मोजणी पूर्ण करून समक्ष परत केली.’

रतिलालने ते दोनदा वाचलं. बाहेर शिपाई पेंगत होता. “काही म्हणाले का ते?” त्याने अगदी हळू विचारलं.

“मीच बोललो. मनात गाढव म्हणालो. तोंडावर बावळट म्हणालो. ज्येष्ठ माणूस, रतिलाल, चाळीस वर्षांनी ज्येष्ठ, आणि मी दुपारभर अरे-तुरे केलं.”

“मनावर घेतलं नाही ना?”

“नसावं. शेवटी सावलीत बस म्हटलं, तर बसले.”

रतिलालने जुन्या ओळीवर रेघ मारली, शिक्का उमटवला आणि रजिस्टर मिटलं. अभिमनरावांना दुसऱ्या दिवशी साक्रीकडे एक मोजणी होती. त्यांनी दहा सुया घेतल्या, या वेळी स्वतः तीनदा मोजल्या, आणि ते जिन्याकडे निघाले. बाहेर अंगण रखरखत होतं. बारा वाजायला आले होते.

“पाटील,” रतिलालने मागून हाक मारली. सोळा वर्षांत तो रजिस्टरातून मान वर काढून कोणाला काही म्हणाला नव्हता. “ऊन फार आहे. जरा सावलीत बसा. मग जा.”

अभिमनराव परत आले आणि त्याच्या टेबलाशेजारच्या बाकावर बसले.